विषय : रूट कॅनालनंतरची कॅप 'सौंदर्योपचार' ठरवून दावा नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
दंतविमा विभाग

महोदय / महोदया,

माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल आणि मुळाच्या आत बसवलेली फायबर पोस्ट म्हणजे बारीक दांडी, या दोन्हींचा खर्च आपण मंजूर केलात. त्याच दाढेवरच्या कॅपचा दावा मात्र 'सौंदर्यासाठी केलेला उपचार' असं एका ओळीत लिहून फेटाळलात. हा निर्णय मला मान्य नाही. ही दाढ सगळ्यात मागची आहे, हसताना ती कोणाला दिसतही नाही.

नस काढली की दात ठिसूळ होतो, असं सर्रास म्हणतात. खरं तर दात ज्याचा बनलेला असतो त्या डेंटिनमध्ये त्याने फार फरक पडत नाही. ताकद जाते ती दाताचा भाग गेल्यामुळे. रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी 1989 मध्ये काढलेल्या दातांवर हे मोजलं. रूट कॅनालसाठी वरून नुसतं छिद्र पाडलं तर दाताचा ताठपणा सुमारे 5 टक्केच कमी झाला. शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही कडा गेल्या तेव्हा तो 63 टक्क्यांनी घटला. माझ्या दाढेच्या या दोन्ही कडा किडीने खाल्ल्या होत्या. दाव्यासोबतच्या एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसतं. तो कोणी पाहिला का, असा मला प्रश्न आहे.

अशा दाढेचे उरलेले उंचवटे प्रत्येक घासाला बाहेरच्या बाजूला वाकतात आणि एक दिवस तडा जातो. तो मुळापर्यंत उतरला, तर दाढ काढण्यावाचून बहुधा इलाज उरत नाही. लाकडी चाकाला लोखंडी धाव आवळून ठेवते, तशी कॅप या उंचवट्यांना धरून ठेवते. पोस्टने हे होत नाही. तिचं काम वरच्या भरावाला आधार देणं एवढंच, मूळ मजबूत करणं नव्हे. म्हणजे आपण आधार मंजूर केलात आणि संरक्षण नाकारलंत! अक्विलिनो आणि कॅप्लन यांच्या 2002 च्या अभ्यासात रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात गमावण्याचं प्रमाण कॅप असलेल्यांच्या 6 पट आढळलं होतं.

पुढचा, फारसा न किडलेला दात असता तर मी वाद घातला नसता. तिथे अनेकदा साधं फिलिंग पुरतं. पण दाढेला आणि दर्शनी दाताला एकच नियम लावणं चूक आहे, आणि त्याची किंमत पेशंट दात गमावून मोजतो.

माझा दावा पुन्हा उघडावा, एक्स-रे दंतवैद्याकडून तपासून घ्यावा आणि 15 दिवसांत लेखी निर्णय द्यावा. नकार कायम ठेवणार असाल, तर पॉलिसीतलं नेमकं कलम आणि तपासणाऱ्या दंतवैद्याचा अभिप्राय कळवावा. एक्स-रेची प्रत आणि माझ्या डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे.

आपली विश्वासू,
एक पॉलिसीधारक