रविवारची गोळी

बेंगळुरू, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं ठरवून तीनदा फोन लावला. एकदा नळाला पाणी सुटलं होतं, एकदा यंत्रमागाच्या आवाजात बाबांना ऐकू येईना. काल तर आई, माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून तू “काय झालंय गे?” विचारलंस आणि माझा धीरच सुटला. म्हणून लिहिते आहे. दादाने हे मोठ्याने वाचून दाखवू नये. बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचावं, मग आईने.

मी ओसाकाला जाणार आहे. जपानमध्ये, तीन वर्षांसाठी. गुरुवारी सही करून कागद पाठवले. आधी तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही “जा” म्हणाला असता, आणि ते “जा” म्हणताना आईचा आवाज कसा होतो ते मला ठाऊक आहे. तो ऐकून माझ्याच्याने सही झाली नसती. चूक माझी आहे, रागवा.

बेंगळुरूहून रात्री गाडीत बसलं की सकाळी बेळगाव. गेली सहा वर्षं मी याच जोरावर स्वतःला सांगत आले की मी काही लांब नाही. आता ते म्हणता येणार नाही. पण दादा-वैनी घरात आहेत, आत्या खासबागेत आहे, आणि तिकडचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीनच तास आहे. बाबा माग बंद करून साडेसातला जेवायला बसतात तेव्हा माझे अकरा वाजलेले असतील. त्या वेळी मी रोज फोन करेन. रोज.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, “नेमकं काय शोधायलीस?” आणि मी “पेशींचं काम आहे” म्हणून मोकळी होते. आज नीट सांगते, म्हणजे ओसाकाच का ते कळेल. बाण्याचा धागा तुटला की आपला माग आपोआप थांबतो. ते थांबणं बिघडलं तर माग चालतच राहतो आणि हातभर कापड वाया जातं. शरीरातही असंच आहे. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी असतात, तशा त्यांना ‘आता पुरे’ म्हणून थांबवणाऱ्याही टी-पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. तेव्हा अशा पेशी असतील यावर बहुतेकांचा विश्वासच उरला नव्हता. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये त्यांच्यामागचं जनुक शोधलं. 2025 चं नोबेल या तिघांना मिळालं. त्या दिवशी मी फोनवर ओरडत होते आणि आईला वाटलं माझं लग्न ठरलं, ते हेच. साकागुची ओसाकाचेच.

आईचा संधिवात तो हाच. तिच्या सांध्यांत हे थांबवणं कमी पडतं. तिचंच सैन्य तिच्या सांध्यांच्या अस्तरावर चालून जातं. आणि मी ज्यात गुंतले आहे ती गोष्ट तर याहून नवलाची. कोवळ्या टी-पेशीला टीजीएफ-बीटा नावाचा एकच निरोप मिळाला तर ती शांत करणारी पेशी होते. त्याच वेळी इंटरल्यूकिन-6 चाही निरोप आला तर तीच पेशी हल्ला करणारी होते. हा दुसरा निरोप पेशीच्या दारावर येतो, दाराच्या आतल्या बाजूला जॅक नावाची प्रथिनं तो घेतात, ती स्टॅट नावाच्या प्रथिनांच्या हाती देतात आणि ती थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन पोचवतात. वाटेत कुठे आणि किती अडवलं तर पेशीचा कल पुन्हा शांततेकडे वळेल, एवढंच मी बघते. एवढंच म्हणते, पण मला दुसरं काही सुचत नाही. या इंटरल्यूकिन-6 चं जनुक 1986 मध्ये ओसाकालाच किशिमोतो यांच्या प्रयोगशाळेत हाती लागलं. त्यातून निघालेल्या औषधाला 2008 मध्ये जपानात संधिवातासाठी परवानगी मिळाली. बेंगळुरूतही काम होतं, पण मला लागणारी माणसं आणि साधनं तिथे एका छपराखाली आहेत. पैशासाठी जात नाही, हे शेजारी कुणी विचारलं तर सांगा.

आता जे सांगायचं टाळत होते ते. आई, त्या पावसाळ्यात संधिवाताची, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट गोळी तू रोज घेतलीस. नऊ दिवस. तोंड आलं, पाणीसुद्धा गिळवेना, पांढऱ्या पेशी उतरल्या आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. दुकानदाराने पाकिटावर कन्नडात ‘वारक्कोम्मे’, म्हणजे आठवड्यातून एकदा, असं लिहून दिलं होतं. तो शब्द तू बाजारात दहादा बोलतेस, फक्त ती अक्षरं तुला वाचता येत नाहीत. तुझी काही चूक नव्हती. दुकानदारही वाईट माणूस नाही. पण रोज त्याच पेशींवर बोलणारी तुमची मुलगी एकदाही फोनवर “गोळी कधी घेतेस?” असं विचारत नव्हती. हे माझ्या मनातून जात नाही. कधी जाईल असंही वाटत नाही.

म्हणून सांगते ते ऐकायचं. मेथोट्रेक्सेट रविवारी रात्री, आठवड्यातून एकदाच. फोलिक ॲसिड मंगळवारी. रविवारची चुकली तर सोमवारी दोन घ्यायच्या नाहीत, दादाला सांगून डॉक्टरांना विचारायचं. ताप आला, तोंड आलं, कोरडा खोकला लागला तर वाट बघायची नाही. दर वेळची रक्ततपासणी “आता बरं वाटायलंय” म्हणून चुकवायची नाही. बाजारात कुणी सांधेदुखीच्या काळ्या गोळ्या किंवा पुड्या आणून दिल्या तर हातही लावायचा नाही. तसल्या औषधांत पुष्कळदा न सांगता स्टेरॉइड घातलेलं असतं. चार दिवस अंग हलकं होतं, मग हाडं ठिसूळ होतात, साखर चढते.

डॉक्टर नवी गोळी सुरू करायची म्हणाले आहेत ना, ती जॅकच अडवणारी आहे. त्या जातीची पहिली गोळी अमेरिकेत 2012 मध्ये संधिवातासाठी आली. ती घाबरण्यासारखी नाही, पण आधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. आपल्या घरात थोरल्या काकूंना टीबी झाला होता, हे बाबांनी स्वतः डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही. त्या गोळीवर नागीण उठण्याचा धोका वाढतो, तेव्हा लशीचंही विचारा.

बाबा, विडी. आईच्या दुखण्याला ती कारण झाली असं मी म्हणत नाही, मुळीच नाही. पण धुराचा आणि या रोगाचा संबंध आता पक्का ठाऊक आहे, म्हणून घरात तरी नको. अंगणातसुद्धा नको, पण निदान घरात नको.

पुढच्या आठवड्यात गिझर बसवायला माणूस येईल. पैसे दिले आहेत, “कशाला?” म्हणून त्याला परत पाठवू नका. सकाळी बोटं आखडलेली असतात तेव्हा आईने आधी कोमट पाण्यात हात धरायचे आणि मगच चुलीकडे वळायचं. पाणी सुटलं की भरलेली कळशी उचलायची नाही. टाकीला मोटर त्यासाठीच बसवली आहे. कुकरचं झाकण वैनी लावेल. आणि आई, सूत भरायच्या रहाटावर बसायचं नाही आता. सवय म्हणूनसुद्धा नाही. कांड्या भरायला बाई ठेवा, मी पैसे पाठवेन.

लहानपणी मागाच्या खडखडाटात मला गाढ झोप लागायची, आणि रात्री लाईट जाऊन माग थांबला की मी दचकून जागी व्हायचे. मग तू अंधारात रहाटावरून उठून यायचीस. सूत लागून खरखरीत झालेली तुझी बोटं माझ्या कपाळावरून फिरायची. इथे वसतिगृहात पहिले दोन महिने मला शांततेमुळे झोप नव्हती. तिकडे तर काय होईल कोण जाणे. बाबा, फोनमध्ये मागाचा आवाज भरून पाठवा. दहा मिनिटांचा पुरे.

गणपती आपल्याकडे करून मगच निघेन. दहा दिवस घरीच असेन. मंगाईच्या जत्रेला पुढली तीन वर्षं येता येणार नाही, तेवढी ओटी वैनीने माझ्या नावाने भरावी. कुंदा करून ठेवू नकोस, हातांना त्रास होईल. विकत आणू. पण माझ्यासमोर बसून खायचा.

तुमची,
धाकटी

ता. क. कपाटाच्या दारावर मी मोठ्या अक्षरात ‘फक्त रविवार’ लिहून चिकटवलेला कागद दिवाळीला रंग काढताना फाडू नका. फाटलाच तर बाबांनी नवा लिहावा, मराठीतच.