सोसायटी म्हटलं आणि आजोबा उठून गेले

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही दर फोनला विचारता की एवढी काळी सपाट जमीन, शेजारी डॅन्यूब, मग रोमानियात शेतीचं अडतंय कुठं, म्हणून यावेळी लिहूनच टाकते.

परवा बरगानला गेलेले, बुखारेस्टच्या पूर्वेला, सगळा मका आणि सूर्यफूल. कम्युनिस्टांच्या काळात कालवे काढून १९८९ पर्यंत देशात ३० लाख हेक्टरच्या आसपास रान भिजायची सोय केलेली, आता काँक्रीटच्या भेगांतून झुडपं आलीत आणि पंपहाऊसमध्ये पंपच नाही, जमिनीत चार गंजके बोल्ट, बाकी सगळं भंगारात गेलं. नवे बसवले तरी पाणी टप्प्याटप्प्यानं उचलायचं, लाईटबिल कोण भरणार!

जमीन १९४९ ते ६२ मध्ये सरकारनं सामुदायिक शेतीत ओढली आणि १९९१ च्या कायद्यानं परत दिली, पण तुकड्यातुकड्यानं. २०२० ला युरोपियन युनियनमधल्या ९१ लाख शेतकरी खात्यांपैकी २९ लाख एकट्या रोमानियात होती. पोरं इटली-स्पेनला. आणि शेजारीच हजारो हेक्टरची कंपनीची शेती, जीपीएसवाला ट्रॅक्टर पुढे अन् मागे घोडागाडी, एकाच रस्त्यावर.

आम्हाला इथं बसवायचाय तो पिव्हॉट म्हणजे पाण्याचा लांबलचक हात, गोल फिरतो, त्याला सलग रान लागतं. एक आजोबा रान जोडायला तयार होईनात. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून मालकीचा कागद काढला, आपण सातबारा जपतो तसा, चार ठिकाणी मिळून दोन हेक्टर. मी आपली उत्साहात, आमच्या गावात सोसायटी आहे, बाबा संचालक होते वगैरे. सोबतच्या पोरानं 'कोऑपेरातिवा' असं भाषांतर केलं आणि आजोबा उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले ते आलेच नाहीत. आजी हळूच म्हणाली, त्याच नावाखाली यांच्या वडलांची रात्री सही घेतली, घोडेसुद्धा नेले. शब्द तोच गं आई, मी काय बोलणार. मग तिनं मामालिगा वाढली, मक्याच्या पिठाची, आपल्या उकडपेंडीपेक्षा घट्ट, दोनदा घेतली.

पुढच्या आठवड्यात परत जाणारे, यावेळी सोसायटीचं नावच काढायचं नाही, फक्त पाण्याच्या पाळीचं बोलायचं. बाबा, विहिरीवर तुमची आणि काकांची पाळी ज्या वहीत लिहिलीय ना, त्या पानाचा फोटो दादाला पाठवायला सांगा. भांडणानंतरचं पान पाठवा, आधीचं नको.

तुमची,
ताई