परवाच्या फोनवरचं राहिलेलं उत्तर

प्रिय वृंदा,

परवा रात्री ड्यूटी संपवून तू फोन केलास आणि बोलता बोलता विचारलंस, "पेशंट सोडल्याचं तुला कधी वाईट वाटलं नाही का गं?" आणि मी काहीतरी थातूरमातूर बोलून विषय बदलला. फोन ठेवल्यावर झोपच लागेना. तू ते सहज विचारलेलं नव्हतंस हे मला कळलं होतं, कारण त्याआधी दहा मिनिटं तू त्या कोहोर्टच्या, म्हणजे त्याच लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याच्या कामाबद्दल, फॉर्मच्या तारखेबद्दल, पगार किती कमी होईल याबद्दल खोदून खोदून विचारत होतीस. म्हणजे वॉर्ड सोडून आमच्यात यायचं तुझ्या मनात खरंच आहे. मग उत्तरही खरं द्यायला हवं, आणि ते मला फोनवर जमत नाही, म्हणून लिहितेय. लांबेल बहुतेक. दोन ड्यूटींच्या मध्ये थोडं थोडं वाच.

वाईट वाटतं. सोळा वर्षं झाली तरी वाटतं. तू सांगतेस ना, अमका बेडवरून उठून स्वतःच्या पायांनी घरी गेला, जाताना हात धरून रडला, ते ऐकताना पोटात कालवतं माझ्या. माझ्याकडे असं कुणी येत नाही आणि येणारही नाही. ते का, हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

तुला तो सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आठवतो का, आपल्या दोघींच्या एकत्र नाइटला आलेला, उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली? बीपी 220 च्या वर होतं. बायको सारखं एकच सांगत होती की यांना कधी साधी डोकेदुखीसुद्धा नव्हती हो. तू रात्रभर त्याच्याजवळ होतीस. मी ईसीजी बघत बसले होते, डावं व्हेंट्रिकल, हृदयाचा डावा खालचा कप्पा, जाड झालेलं स्पष्ट दिसत होतं, म्हणजे बीपी काही त्या रात्री वाढलेलं नव्हतं, ते कित्येक वर्षं वाढलेलंच होतं आणि काही दुखत नाही म्हणून कुणी मोजलंच नव्हतं. त्या रात्री माझ्या डोक्यात एकच घोळत होतं की आत्ता या वेळेला असे किती जण आपापल्या घरी शांत झोपलेत, ज्यांना काहीही दुखत नाहीये. तुझं लक्ष त्याच्यावर होतं, माझं नव्हतं. याची मला तेव्हा लाज वाटली होती, तुला कधी बोलले नाही. नंतर कम्युनिटी मेडिसिनला, म्हणजे एकेका पेशंटऐवजी सगळ्या समाजाच्या आरोग्याकडे बघणाऱ्या शाखेला, गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं मार्क कमी पडले. मार्क कमी नव्हते पडले.

पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाची गोष्ट सांगितली आणि मी तिथेच अडकले. लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघंही एकाच बसवर, एकाच प्रकारच्या घरांतून आलेले, एकच दिवसभराची धावपळ. फरक इतकाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिन्यावरून वरखाली, रोजच्या साधारण 500 ते 750 पायऱ्या. मॉरिसने हजारो कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी काढल्या, तर कंडक्टरांना हार्ट अटॅक बरेच कमी, आणि आलाच तर उशिरा आणि जरा सौम्य. 1953 मध्ये हे छापलं गेलं तेव्हा व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आहे असं कुणी धड मानतही नव्हतं. लगेच शंका आली, येणारच, की मुळात जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मग या माणसाने काय केलं माहितीये, कर्मचाऱ्यांना युनिफॉर्म मिळायचे त्याच्या मापांच्या नोंदी मिळवल्या. पँटींची कंबर! ड्रायव्हरांच्या पँटी खरंच मोठ्या निघाल्या. पण सारख्याच कमरेचे ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी शेजारी ठेवले तरी कंडक्टरच सुरक्षित होता, बारीक असो की जाडा. शिंप्याच्या मापांतून हृदयरोगाचं एवढं मोठं उत्तर काढणारं डोकं कसं असेल याचा मी कितीतरी दिवस विचार करत होते. मला वाटतं आपल्या कामाची सगळी मजा त्या पँटींमध्ये आहे. (आपल्या म्हटलं बघ, तू अजून फॉर्म भरलेला नाहीस.)

पण मॉरिसमुळे मी फक्त आले. टिकले ती जेफ्री रोझ या दुसऱ्या ब्रिटिश संशोधकामुळे. त्याचा 1985 चा तो छोटासा लेख, आजारी माणसं आणि आजारी समाज याबद्दलचा, तुला पाठवतेय, आधी तो वाच आणि मग ठरव. तो म्हणतो, याच माणसाला हा आजार का झाला हा एक प्रश्न, आणि या सगळ्या लोकांमध्येच हा आजार इतका का आहे हा वेगळा प्रश्न, आणि दोघांची उत्तरं एक असतीलच असं नाही. समजा सगळेच्या सगळे रोज वीस सिगारेटी ओढत असते, तर आपण कितीही अभ्यास केले असते तरी लंग कॅन्सर हा अनुवंशिक आजार आहे असंच निघालं असतं. कारण सगळे ओढतायत म्हटल्यावर सिगारेट दिसणारच नाही, दिसेल तो फक्त शरीराशरीरातला फरक. हे वाचून मी वही मिटून बाहेर फेऱ्या मारत होते.

आणि त्याचं दुसरं म्हणणं, जे तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. हजार लोकांचं बीपी मोजलंस तर फार वाढलेले मोजकेच निघतात, त्यांना आपण पेशंट म्हणतो, गोळ्या देतो. थोडंसं वाढलेले भरपूर निघतात, त्यांना आपण "ठीक आहे, लक्ष ठेवा" म्हणून घरी पाठवतो. पुढे स्ट्रोक आणि अटॅकची बेरीज मांडली की त्यातले कितीतरी या घरी पाठवलेल्यांमधले असतात, कारण एकेकट्याचा धोका कमी असला तरी ही माणसंच संख्येने एवढी आहेत. म्हणून सगळ्यांचंच बीपी दोन-तीन अंकांनी खाली आणलं, मीठ कमी करून म्हण किंवा कसंही, तर खूप जीव वाचतात. पण कुणाचे? ते कधीच सांगता येत नाही. ज्याचा स्ट्रोक टळला त्याला स्वतःलाही माहीत नसतं, तो सकाळी उठून नेहमीसारखा कामाला जातो. वृंदा, तू हात धरून रडणाऱ्या माणसाबद्दल सांगतेस तेव्हा मला हा कामाला जाणारा माणूस आठवतो. मी त्याला कधीच भेटणार नाहीये. सुरुवातीला याचा फार त्रास व्हायचा मला, आता मी त्याची सवय करून घेतलीय असं म्हणणार नाही, पण तो आहे यावर माझा पक्का विश्वास बसलाय, तुझा तुझ्या बेड नंबर सातवर असतो तितकाच.

आता रोजचं काम. ते फार साधं असतं, आणि तिथेच लोक पळून जातात. पाच मिनिटं माणसाला शांत बसवायचं, दंडाच्या मापाचा बीपीचा पट्टा लावायचा, बोलायचं नाही, दोनदा मोजायचं, आहे तसं लिहायचं. पहिल्या वर्षी डेटा बघताना माझ्या लक्षात आलं की निम्म्याहून जास्त रीडिंग शून्यावर संपतायत, 120, 130, 140. मी टीमवर चिडले, चांगलीच. मग माझ्या स्वतःच्या हातची पानं काढली तर तीच कथा. पाऱ्याच्या यंत्रात दोन-दोनच्या खुणा असतात पण कान आणि डोळा मिळून आकडा गोल करतात, आणि 138 चं 140 झालं की एखादा माणूस उगाच पेशंट होतो आणि 142 चं 140 झालं की वाढलेलं बीपी हलकं दिसतं. तुम्ही वॉर्डात एकाचं बीपी गोल केलंत तर फार बिघडत नाही, संध्याकाळी परत मोजता. आमच्याकडे दहा हजारांचं गोल झालं की निष्कर्षच वाकडा. मी दुसऱ्या दिवशी टीमची माफी मागितली आणि आम्ही सगळ्यांनी पुन्हा ट्रेनिंग घेतलं, मी पण त्यांच्याबरोबर खाली बसून.

मग फॉलोअप, त्याच माणसांची पुन्हा पुन्हा खबर घेणं. हे मात्र मनापासून सांगते, आमच्या संशोधनाचा जीव फॉलोअपमध्ये आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हृदयरोगाचा अभ्यास 1948 मध्ये 5,209 जणांपासून सुरू केलं आणि दर दोन वर्षांनी त्याच माणसांना परत बोलावलं, पुढे त्यांच्या मुलांना, मग नातवंडांना. आज तू तोंडात सहज "रिस्क फॅक्टर", आजाराचा धोका वाढवणारी गोष्ट, म्हणतेस तो शब्द त्यांच्याच 1961 च्या पेपरमुळे सगळीकडे गेला. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1951 मध्ये ब्रिटनमधल्या 59,600 डॉक्टरांना सिगारेटबद्दल पत्र पाठवलं, चाळीस हजारांवर उत्तरं आली, आणि त्यातल्या पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षांचा हिशोब 2004 मध्ये छापून आला तेव्हा डॉल एक्याण्णव वर्षांचा होता. साठीला सिगारेट सोडली तर साधारण 3 वर्षं परत मिळतात, पन्नाशीला 6, चाळिशीला 9, तिशीला 10, हे जे तू पेशंटला सांगतेस ना, ते त्या डॉक्टरांनी आयुष्यभर पत्रांना उत्तरं दिली म्हणून सांगू शकतेस.

आमचा फॉलोअप फोनवर असतो. चौथ्या वर्षी मी एका सहभागीला फोन केला, बायकोने उचलला, म्हणाली ते दोन महिन्यांपूर्वी गेले. अशा वेळी व्हर्बल ऑटॉप्सी करायची असते, म्हणजे शेवटच्या दिवसांत काय काय झालं, छातीत दुखलं का, धाप लागली का, किती वेळ, हे सगळं घरच्यांना विचारायचं. मला शब्दच फुटेना. मी म्हटलं आपण नंतर बोलू. तर ती म्हणाली, "नाही ताई, विचारा ना, त्यांची सगळी तपासणी तुमच्याकडे लिहिलेली आहे, मग हे पण लिहून घ्या." चाळीस मिनिटं बोलली. शेवटी तिने विचारलं की पुढच्या वेळी मी येऊ का त्यांच्या जागी. नियमात ते बसत नव्हतं, मी नाही म्हटलं, आणि ते नाही म्हणणं मला अजून बोचतं. मी पेशंट सोडले असं तू म्हणतेस तेव्हा मला ती बाई आठवते. सोडले की नाही मला खरंच ठरवता येत नाही.

आता वाईट बातमी. इथे दहा वर्षं घालवून हातात काहीच आलं नाही असं होऊ शकतं. एमआरएफआयटी नावाची हृदयरोग टाळण्याची अमेरिकेतली मोठी ट्रायल तुला अभ्यासात असेल. साडेतीन लाखांवर पुरुष तपासून 12,866 जण निवडले, सरासरी सात वर्षं एका गटाला सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळ्यावर जोर लावून मदत केली, आणि 1982 मध्ये निकाल लागला तर हृदयरोगाच्या मृत्यूंमध्ये जेमतेम 7 टक्के फरक, तोही योगायोग म्हणता येईल इतका. एक कारण असं की ज्यांना नेहमीच्या उपचारावर सोडलं होतं तेही त्याच काळात सिगारेटी सोडत होते, बीपीच्या गोळ्या घेत होते. लोक सुधारले आणि ट्रायल पडली! त्यातला एक संशोधक जेरेमाया स्टॅमलर, शिकागोचा. दुसरा कुणी खचला असता. स्टॅमलर आणि सहकाऱ्यांनी त्या ट्रायलसाठी सुरुवातीला तपासलेले साडेतीन लाख लोक, ज्यातले बहुतेक नाकारले गेले होते, त्यांचेच पुढचे मृत्यू तपासले आणि 1986 मध्ये दाखवून दिलं की कोलेस्टेरॉलचा धोका एका ठरावीक आकड्यानंतर सुरू होत नाही, तो सलग चढत जातो. हा तोच माणूस, जो 1965 मध्ये शिकागोच्या आरोग्य खात्यात असताना अमेरिकन संसदेच्या समितीने राजकीय विचारांवरून चौकशीला बोलावलं तर साक्ष न देता उठून बाहेर पडला, वर समितीलाच कोर्टात खेचलं आणि वर्षानुवर्षं लढला. नव्वदी ओलांडल्यावरही काम करत होता, 2022 मध्ये 102 व्या वर्षी गेला. मला कंटाळा आला की मी त्याचा विचार करते.

आणि पेपर छापून थांबू नये असं मला कुणी शिकवलं असेल तर फिनलंडच्या पेक्का पुस्काने. 1972, वय तिशीच्याही आत, नॉर्थ करेलिया नावाच्या भागात पुरुष ऐन उमेदीत हृदयरोगाने जात होते, लोकांनीच सरकारकडे धाव घेतली होती. याने बायकांच्या मंडळांना धरलं, दूध-लोणीवाल्यांशी, सॉसेजवाल्यांशी बोलला, गावागावात सभा घेतल्या. पस्तीसेक वर्षांत तिथल्या काम करत्या वयाच्या पुरुषांचे हृदयरोगाचे मृत्यू 80 टक्क्यांच्या वर उतरले. आम्ही मात्र बरेचदा पेपर छापला की हुश्श करतो आणि पुढच्या ग्रँटच्या, संशोधनाच्या पैशांच्या, मागे लागतो, ज्यांचं रक्त घेतलं त्यांना निकालसुद्धा सांगत नाही. याचा मला मनापासून राग आहे. तू आलीस तर हे आपण बदलू, निदान आपल्या कोहोर्टपुरतं तरी, दर वर्षी जाऊन बसायचं त्यांच्यासमोर आणि काय कळलं ते त्यांच्या भाषेत सांगायचं. तुला पेशंटशी बोलता येतं, आमच्यातल्या निम्म्यांना येत नाही.

पगाराचं तू विचारलंस ते सरळ सांगते, कमी होईल, आणि ग्रँट संपत आली की रात्री जाग येईल. स्टॅटिस्टिक्स नव्याने शिकावं लागेल, पहिले सहा महिने मठ्ठ असल्यासारखं वाटेल, मी आहे शिकवायला. आठवड्यातून एक दिवस ओपीडी ठेवायची परवानगी माग, लेखी माग, पहिल्याच मीटिंगला. मी मागितली नव्हती, ते माझं चुकलं.

फॉर्मची तारीख वीस आहे ना? त्याआधीच्या शनिवारी आमचा फॉलोअप कॅम्प आहे, सकाळी सात ते एक. ये. कुणाला काही ओळख देणार नाही तुझी, नुसती बीपीच्या टेबलावर बस माझ्याशेजारी आणि पन्नास जणांचं बीपी मोज, पाच मिनिटं बसवून, दोनदा, न बोलता. दुपारी आपण दोघी मिळून शेवटचे आकडे तपासू, किती शून्यावर संपलेत ते.

तुझी,
मुक्ता

ता. क. त्या सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचं पुढे काय झालं, तुझ्याकडे फॉलोअपला यायचा का तो? मी कधी विचारलंच नाही तुला.