रागाचा भडका आणि न विचारलेले प्रश्न

संपादक महोदय,

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार, म्हटले की पुरवण्यांमध्ये अजूनही बाकावर न टिकणारा मुलगाच दिसतो. तिशी-चाळिशीतल्या बायका तपासणीला येतात तेव्हा मात्र तक्रार वेगळीच असते: ‘माझं डोकं लगेच फिरतं, मग रडू येतं, मग स्वतःचीच लाज वाटते.’

२०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत, भावना न आवरणे हे मुख्य निकषांत नाही, केवळ जोडीचे लक्षण म्हणून त्याची नोंद आहे. खरे तर अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या पॉल वेंडर यांनी प्रौढांसाठी मांडलेल्या निकषांत तापटपणा, मनःस्थितीचे झटपट चढउतार आणि ताण न झेपणे ही लक्षणे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. निकषात नाही म्हणून अनेकदा प्रश्नच विचारला जात नाही आणि नुसती नैराश्याची गोळी सुरू होते. तिने रडणे कमी होईलही; विसरलेले वीजबिल आणि अर्धवट कामे तशीच राहतात, आणि पुढचा भडका त्यातूनच उडतो.

पहिला प्रश्न हवा तो भडका किती वेळ टिकतो हा. कुकरची शिट्टी, मुलाचा गृहपाठ, ऑफिसचा मेसेज, त्यात कोणीतरी म्हणते ‘भाजीत मीठ नाही’. ताट आपटले जाते आणि अर्ध्या तासात सगळे ओसरते. एडीएचडीतल्या अशा चढउताराला बहुधा ताजे कारण असते आणि तो मिनिटांत किंवा तासांत मोजता येतो. बायपोलर या मनःस्थितीच्या आजारातला हायपोमेनिया, म्हणजे अति उत्साहाचा किंवा चिडचिडीचा काळ, किमान चार दिवस सलग राहतो, झोप कमी होऊनही थकवा जाणवत नाही. हे आजार एकत्रही असू शकतात, म्हणून घाईने शिक्का मारू नये; थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे.

दुसरा प्रश्न पाळीचा. पाळीआधीच्या आठवड्यात इस्ट्रोजेन उतरते, त्याचा डोपामिन या लक्ष आणि मनःस्थितीशी संबंधित मेंदूतल्या रसायनावरही परिणाम होतो आणि अनेकींची चिडचिड त्याच दिवसांत वाढते. सलग दोन पाळ्यांपर्यंत वहीत रोज एक ओळ लिहावी: पाळीचा कितवा दिवस, काय घडले, किती वेळ टिकले, आदल्या रात्रीची झोप. आठवून सांगितलेल्यापेक्षा ही वही डॉक्टरांच्या जास्त कामाची. सोबत जुने प्रगतिपुस्तक मिळाले तर न्यावे. लक्षणे बाराव्या वर्षाआधी होती का, हे पाहावे लागते, आणि ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही, फार बोलते’ हा बाईंचा शेरा तिथे पुरावा ठरतो.

औषधांत घोळ होतो तो वेळेचा. साध्या मिथाइलफेनिडेटचा, म्हणजे एडीएचडीवरच्या नेहमीच्या उत्तेजक औषधाचा, असर सुमारे चार तास. तो उतरताना काहींची चिडचिड उलट वाढते. दीर्घ असराची गोळी सकाळी घेतली तर हा उतार नेमका संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी येऊ शकतो. अशा वेळी गोळी बंद करू नये, डॉक्टरांना वेळा सांगून मात्रा बसवून घ्यावी. हे शेड्यूल एक्समधले, म्हणजे कायद्याने विक्रीवर कडक नियंत्रण असलेले औषध, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागते आणि प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाही; साठा संपण्याआधी आठवडाभर शोध सुरू करावा. अ‍ॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीवरच्या दुसऱ्या, उत्तेजक नसलेल्या औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून दुसऱ्या आठवड्यात सोडणाऱ्या पुष्कळ.

आणि ‘दहा आकडे मोज’ हा सल्ला. आकडे मोजायचे आठवण्यासाठी जो ब्रेक लागतो, तोच इथे उशिरा लागतो. म्हणून आठवण बाहेर हवी: फ्रिजवर चिठ्ठी, ‘दहा मिनिटांनी बोलते’ हे घरात आधीच ठरलेले वाक्य, आणि ते ऐकल्यावर समोरच्याने खरोखर गप्प बसणे. पैशाचे विषय आणि सासर-माहेरचे हिशेब रात्री नऊनंतर काढू नयेत, रागातल्या मेसेजचे उत्तर सकाळी द्यावे. अर्धा तास ध्यानाला बसवण्याचा आग्रह नको. तोंडावर गार पाणी आणि दोन-तीन मिनिटे लांब उच्छ्वास एवढे जमते.

पाळी जाण्याच्या सुमारास, पंचेचाळिशीच्या आसपास, इतकी वर्षे कशीबशी निभावलेली स्त्रीही अचानक कोलमडू शकते. तेव्हा ‘वयाचं आहे’ म्हणून परत पाठवणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी लहानपणापासूनच्या विसरभोळेपणाबद्दल एवढे तरी विचारावे. जीव नकोसा होत असेल तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

— मानसोपचार क्षेत्रात काम करणाऱ्या दोघी, पुणे