नाव ठाऊक नसलेल्या परीक्षकांना

सप्रेम नमस्कार,

माझा लेख छापण्याआधी तुम्ही तपासलात, पण तुमचं नाव मला कधीच कळणार नाही, जर्नलचा नियमच तसा. माझं तुम्हाला कळू नये हाही नियम, पण तळटीप २२ मध्ये ‘माझा एम.फिल.चा प्रबंध’ असं नावानिशी लिहून मीच तो मोडला. तुम्ही समासात ‘हे झाका’ एवढंच लिहिलंत. संपादकांकरवी इंग्रजीत दोन ओळी आभाराच्या पाठवल्या, पण तेवढ्यानं भागेना. म्हणून हे उघडं पत्र.

त्याआधी एका जर्नलनं लेख सात महिने ठेवून घेतला आणि ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ म्हणून परत पाठवला. तोवर दुसरीकडे पाठवायचीही सोय नाही! तुमचं परीक्षण उघडलं तेव्हा साडेतीन पानं बघून आधी पोटात गोळाच आला.

लेख कुलभूषण जाधव खटल्यावरचा: पाकिस्ताननं हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलेल्या या भारतीयासाठी भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तो. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ म्हणतं, अटक केलेल्या परदेशी माणसाला त्याचे हक्क ‘विनाविलंब’ सांगा. त्यानं म्हटलं तर त्याच्या देशाच्या वकिलातीलाही तसंच कळवा. पाकिस्तानच्या सांगण्यानुसार अटक ३ मार्च २०१६ ची, भारताला कळवलं २५ मार्चला. मी ठोकून दिलं होतं की विनाविलंब म्हणजे अटकेच्या क्षणी, आणि खाली तळटीप १४: अवेना, २००४.

तुम्ही विचारलंत, त्या निकालाचा परिच्छेद ८७ वाचलाय का?

नव्हता वाचला. ती तळटीप दुसऱ्याच्या लेखातून उचललेली होती. मेक्सिको विरुद्ध अमेरिका या त्या खटल्यात हेच आंतरराष्ट्रीय न्यायालय नेमकं उलट म्हणतं: विनाविलंब म्हणजे अटकेबरोबर लगेच, असंच काही नाही. माझा तिसरा भाग तिथंच कोसळला. निष्कर्ष मात्र तरला, कारण जाधव निकालात, १७ जुलै २०१९ ला, तीन आठवड्यांचा उशीर हा भंगच ठरला. फक्त तिथं पोचायची वाट नव्यानं काढावी लागली.

अटकेतल्या नागरिकांना आपल्या वकिलातीची भेट मिळण्याबाबतच्या २००८ च्या भारत-पाक कराराला मी एका वाक्यात उडवून लावलं होतं. सुरक्षेच्या कारणावरून अटक असेल तर प्रकरण गुणदोषांवर तपासता येईल, असं त्यात आहे, आणि पाकिस्तानची बरीच भिस्त त्यावर. तो मुद्दा आधी पूर्ण ताकदीनं मांडा, मग न्यायालयानं तो का नाकारला ते सांगा, असं तुम्ही म्हणालात. त्याची चार पानं झाली. लेखातली तीच सर्वांत बरी.

भारताची बाजू मांडणाऱ्या हरीश साळवेंच्या एक रुपया मानधनाचा परिच्छेदही तुम्ही काढायला लावलात. साळवे नागपूरचे, मीही नागपूरची, जिवावर आलं. पण कायद्याच्या लेखात त्याचं काम नव्हतं, हेही खरं.

काल प्रुफं आली. तळटीप १४ मध्ये आता परिच्छेद क्रमांक आहे, आणि तो मी वाचलेला आहे.

आपली,
तळटीप २२ मधली