एनएमएमएस : शाळेचे खरे काम निकालानंतर

संपादकांस,

आठवीच्या एनएमएमएस परीक्षेसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील हुशार मुलांना मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी, अनेक शाळा मनापासून जादा तास घेतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90-90 गुणांचे दोन पेपर असतात, त्यांचा सराव मुले करतात. निवड झाली की फलकावर नाव लागते, सत्कार होतो. नववी ते बारावी दरवर्षी 12,000 म्हणजे एकूण 48,000 रुपये त्या मुलाला मिळायला हवेत. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्यांसाठीच ही योजना आहे, म्हणून यातला एकही हप्ता बुडता कामा नये. पण पैसे बुडतात ते निकालानंतर.

सगळ्यात मोठी गळती आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांत होते. परीक्षा तिथे होते, पण जूनमध्ये मूल दुसऱ्या हायस्कूलमध्ये जाते आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज नव्या शाळेतून भरायचा असतो. जुनी शाळा मोकळी होते, नव्या शाळेला पत्ताच नसतो. दाखला देतानाच निवडपत्राची प्रत सोबत द्यावी आणि नव्या मुख्याध्यापकांना फोन करावा. ती शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित आहे ना, हेही पालकांना प्रवेशाआधीच सांगावे. विनाअनुदानित शाळेत गेल्यास हक्क जातो. अकरावीलाही हेच लागू आहे.

दुसरी अडचण बँकेची. पासबुकावर आधार क्रमांक नोंदला म्हणजे झाले, असे पालकांना वाटते. पैसे मात्र एनपीसीआयच्या (बँकांमधली देयके हाताळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात; कधीतरी दुकानात उघडून विसरलेल्या खात्यातही. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’, म्हणजे आधारशी कोणती बँक जोडलेली आहे ते, तपासायला दोन मिनिटे लागतात. शाळेच्या रजिस्टरवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरशः जुळते का, तेही तेव्हाच पाहावे. पंधराव्या वर्षी आधारचे बायोमेट्रिक नव्याने द्यावे लागते, ते नेमके नववी-दहावीत येते.

अर्ज नेट कॅफेतून भरला तर कॅफेवाल्याचाच मोबाइल क्रमांक टाकला जातो. मग त्रुटीसाठी परत आलेला अर्ज कोणाला कळतच नाही. क्रमांक घरचाच हवा. पहिली पडताळणी शाळेच्या लॉगिनवर, दुसरी जिल्ह्याच्या. लिपिकाची बदली झाली आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, तर शाळेतले सगळेच अर्ज अडकतात.

शिवाय नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. दहावीत 60 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 55. हे मुलांना नववीतच सांगायला हवे. दहावीच्या निकालानंतर सांगून काय उपयोग?

यासाठी प्रत्येक शाळेने एक शिक्षक नेमावा आणि पोर्टल उघडताच शाळेतच अर्ज भरून घ्यावेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी बैठकीत किती मुले निवडली गेली एवढेच विचारू नये. गेल्या वर्षीच्या यादीतील किती जणांच्या खात्यात पैसे आले, तो आकडा नावानिशी मागावा.

— एक माध्यमिक शिक्षक