कांद्याचं पंचांग

नोवी सोंचजवळून (पोलंड), जानेवारीअखेर

प्रिय दिग्या,

चार महिने पत्र नाही. शिव्या आधीच देऊन झाल्या असतील, उरलेल्या हे वाचून दे. तब्येत ठीक. आता ऐक, कारण हे बायकोला, काशाला, सांगायची सोय नाही आणि इथं दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

सासूबाई नाताळच्या आदल्या रात्री कांदा चिरून, पदर सोडवून बारा वाट्या करतात, खिडकीत ओळीनं मांडतात आणि प्रत्येकीत चिमूटभर मीठ टाकतात. एक वाटी म्हणजे एक महिना. सकाळी जिच्यात पाणी सुटलेलं, तो महिना ओला. यंदाही झालं सगळं: बारा पदार्थ, टेबलावरच्या कापडाखालच्या गवताच्या काड्या ओढणं (लांब काडी म्हणजे लांब आयुष्य, माझी बोटभर), मध्यरात्रीची प्रार्थना. सकाळी सहाला मी चहाला उठलो. खिडकीत कांद्याचा कचरा! उचलला आणि कोंबड्यांच्या बादलीत टाकला. चहा उतू गेला तेव्हा डोक्यात उजेड पडला.

कोणत्या वाटीत पाणी होतं, बघितलंच नव्हतं रे. नवा कांदा चिरला, मीठ घातलं, पण अर्ध्या तासात त्याला कसला पाझर फुटतोय! शेवटी नळाखाली बोटं ओली करून शिंपडलं. हात आपसूक सहाव्या वाटीवर गेला आणि नवव्या वाटीवर थांबला. जून ते सप्टेंबर. पोलंडात मृग पाडला मी! तुझ्या भेंडवळच्या घटमांडणीत पावसाच्या चार महिन्यांची म्हणून घागरीखाली ठेवतात, ती चार ढेकळंच की.

हसू नकोस. अक्षय्य तृतीयेला तिथं अप्पांसमोर 'घागरीला काय कळतंय पावसातलं' म्हणालो होतो, आणि तू दिवाळीपर्यंत बोलला नव्हतास. (चूक तुझीही होती. बस चुकवलीस ती तूच.) इथंही तोच शहाणपणा केलेला. सासूबाई म्हणाल्या, १३ डिसेंबरची संत लुचिया दिवस वाढवते. मी म्हणालो, १५८२ च्या आधीच्या जुन्या पंचांगात सर्वांत लहान दिवस त्या सुमाराला यायचा, आता नाही. आता कोणत्या तोंडानं कबूल करू?

त्यात बाईंचं यंदा सगळं खरं ठरतंय. 'बार्बरा पाण्यात, तर नाताळ बर्फावर' म्हणतात. ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, पाऊस लागला आणि नाताळला अंगणात मी आपटलो. लुचियापासूनचे बारा दिवसही त्या बारा महिन्यांसाठी टिपतात. सहावा दिवस कडक उन्हाचा होता, म्हणजे जून कोरडा. वहीत एक, कांद्यात दुसरं! दोन दिवस गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'आभाळ फसवतं, कांदा नाही.' ओढ्याकाठच्या पट्ट्यात यंदा बटाटा लावायचा नाही, कुजेल, असं ठरलंय. शेजारीणही तेच करणार म्हणते. माझ्या नळाच्या पाण्यावर दोन घरांचा बटाटा!

सोयाबीनच्या भावाचं वाचलं, वाईट वाटलं. पोरीची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

२ फेब्रुवारीला छपरावरून पागोळ्या गळल्या तर हिवाळा लांबतो म्हणतात. त्या नादात कांदा विसरतील अशी एक आशा आहे. पण तोवर अप्पांना विचार, माझं नाव न घेता: रात्री उंदरानं घटातला दाणा हलवला, तर त्या वर्षाचं भाकीत सोडून देतात, की उंदरासकट वाचतात?

तुझा,
बंड्या